बीएस्सी नर्सिंगचा प्रवेश : बारावीच्या दिवाळीपासून काय काय करून ठेवावं?

घाटमाथा
मंडळी, भाची यंदा बारावी सायन्सला आहे. अंबाजोगाईजवळचं गाव, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पीसीबी ग्रुप. अभ्यासात बरी आहे, फिजिक्स तेवढं नावडतं. घरी नीटची चर्चा झाली, पण तिनेच सांगून टाकलं की तिला नर्सिंगलाच जायचंय. त्यामुळे 'डॉक्टर का नाही' हा विषय इथे कृपया नको.

माझा प्रश्न वेगळा आहे. नेटवर 'नर्सिंगसाठी दमदार अर्ज' असं शोधलं की निबंध, शिफारसपत्रं, स्वयंसेवेचे तास असलं काहीतरी येतं. आपल्याकडे यातलं नक्की काय लागतं? प्रवर्ग ओबीसी, जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी (जात पडताळणी प्रमाणपत्र) नाही. भावजींची शेती आहे, बजेट बेताचं. एक एजंट आधीच घरी येऊन गेलाय : "परराज्यात सीट पक्की करून देतो, सीईटीची भानगड नको, हजेरीचंही बघून घेऊ." बहिणीला ते पटायला लागलंय, म्हणून घाईने धागा काढतोय.

तिरपागडा
'मला लहानपणापासून रुग्णसेवेची आवड आहे' हे लिहायला आपल्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. नॉन-क्रिमीलेयरचा क्रमांक टाकायला मात्र आहे. यावरून काय ते समजा.

सदाफुली
तिरपागडा चेष्टेत बोलले, पण मुद्दा तोच आहे. मी सरकारी रुग्णालयात सिस्टर आहे, ट्रेनिंगच्या मुली रोज हाताखाली असतात. महाराष्ट्रात सरकारी आणि बहुतेक खाजगी कॉलेजांच्या बीएस्सी नर्सिंगच्या जागा सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून भरतात. तिथे तुमचा निबंध कुणी वाचत नाही. सीईटीचे मार्क, बारावीची पात्रता, कागदपत्रं आणि कॉलेजांचा पसंतीक्रम, एवढ्यावर सगळं ठरतं. मार्क असूनही कागदासाठी सीट गेलेल्या मुली मी पाहिल्यात, म्हणून माझ्या मते दमदार अर्ज म्हणजे दमदार फाइल.

पात्रता आधी बघून घ्या. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के, इंग्रजीत पास, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण. फिजिक्स नावडलं तरी सोडून चालणार नाही, टक्केवारी तिन्ही विषयांची मिळून धरतात.

एजंटला दारातूनच परत पाठवा. 'हजेरीचं बघून घेऊ' म्हणजे मुलगी वॉर्डात उभीच राहणार नाही. पुढे नोंदणीला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे जाल तेव्हा सगळं उघडं पडतं, आणि तोवर तो एजंट फोन उचलत नसतो. आणि समजा नोंदणी झाली, तरी पहिल्या रात्रपाळीत समोर धाप लागलेला माणूस असणार आहे. तिथे सर्टिफिकेट काय कामाचं?

कागदकाका
तहसीलमध्ये नोकरी झाली, निवृत्त आहे. घाटमाथा, तुमचं खरं काम व्हॅलिडिटीचं आहे आणि ते आजच सुरू करा. बारावीत शिकत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो. बार्टी या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, नमुना १६. सोबत नमुना ३ म्हणजे वंशावळीचं शपथपत्र आणि नमुना १७ चं शपथपत्र. कॉलेजचा सही-शिक्का घेऊन जिल्हा जात पडताळणी समितीकडे द्यायचा. मे-जूनमध्ये समितीच्या दारात जी रांग लागते ती बघवत नाही.

आता पुरावे. जात वडिलांकडून येते, तेव्हा कागद तिच्या वडिलांचे, आजोबांचे, चुलत्यांचे लागतील. मामाचं व्हॅलिडिटी असलं तरी इथे उपयोग नाही, ते उगाच जोडू नका. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख लक्षात ठेवा. त्याआधीचा जातीचा आणि रहिवासाचा पुरावा सर्वांत वजनदार. (एससीला १० ऑगस्ट १९५०, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१. इतर वाचकांच्या उपयोगाला म्हणून लिहिलं.) आजोबा शाळेत गेले असतील तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा काढा. मुख्याध्यापक दाखल्याची दुय्यम प्रत देतो म्हणतील, पण जनरल रजिस्टरचा उताराच मागा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची नोंद, जुने फेरफार, तुमच्या मराठवाड्यात खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद). नोंद मोडी किंवा उर्दूत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर-भाषांतर करून घ्या. आणि वडिलांकडच्या सख्ख्या-चुलत नात्यात कुणाचं व्हॅलिडिटी आधीच झालं असेल, तर पेढे घेऊन त्यांच्याकडे जा आणि प्रत मागा, अर्धं काम तिथेच होतं.

घाटमाथा
काका, दंडवत. भावजींच्या चुलतभावाच्या मुलाचं इंजिनिअरिंगच्या वेळी झालेलं आहे. दोन घरांत बोलणं बंद आहे एवढीच अडचण.

कागदकाका
बांधाचं भांडण असेल. तुम्ही मध्यस्थी करा, पाहुणा माणूस, तुम्हाला नाही म्हणणार नाहीत. वंशावळीत दोन्ही घरांची नावं एकसारखी यायला हवीत हेही त्यांना सांगा. त्यांच्या शपथपत्रात आजोबा 'गणपत' आणि तुमच्यात 'गणपती' असलं की समितीचा प्रश्न आलाच.

नावावरून सांगतो. दहावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि जातीचा दाखला शेजारी-शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर ताडून बघा. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. आधार दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं, बोर्डाच्या मार्कशीटमधली चूक शाळेमार्फत बोर्डाकडे जाते, तिला वेळ लागतो. प्रमाण मार्कशीट धरा आणि बाकीचं त्याला जुळवा.

नॉन-क्रिमीलेयर (उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) काढताना तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा द्या आणि हातात पडल्यावर 'वैध दिनांक' बघा. ज्या वर्षी प्रवेश, त्याच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत ते चालायला हवं. मर्यादा ८ लाखांची आहे, पण नॉन-क्रिमीलेयरला शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत. हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि घाबरून ते ओपनमधून फॉर्म भरतात. ईडब्ल्यूएसला (आर्थिक दुर्बल घटक) मात्र सगळंच उत्पन्न मोजतात, दोन्हीची गल्लत नको. अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला आपले सरकार केंद्रातून काढून ठेवा.

तिरपागडा
काकांचा हा प्रतिसाद छापून प्रत्येक ज्युनिअर कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावा. वाचनखूण साठवली.

रानजाई
मी बीएस्सी नर्सिंगला आहे, सरकारी कॉलेज, मीही मराठी माध्यमातली. सीईटीबद्दल लिहिते.

१०० प्रश्न, १०० मार्क, ९० मिनिटं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड, प्रत्येकी २०. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. २०२२ च्या प्रवेशाला नीट लागली होती, २०२३ पासून राज्याची ही वेगळी सीईटी आहे. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून गोंधळू नका. तुमच्या भाचीला फिजिक्स जड जातं ना? मग हिशेब तिच्या बाजूने आहे. बायो, इंग्रजी आणि अॅप्टिट्यूड मिळून ६० मार्क. आमच्या बॅचमध्ये बहुतेक जणी बायोत सारख्याच होत्या, फरक पडला तो इंग्रजीत. आणि इंग्रजीला आपण मराठी माध्यमवाल्या शेवटच्या आठवड्यापर्यंत हातच लावत नाही.

वेळेचं म्हणाल तर एका प्रश्नाला मिनिटसुद्धा मिळत नाही. फिजिक्सचं गणित सोडवत बसली तर बायोचे हक्काचे प्रश्न राहतील. बायो-इंग्रजी आधी उरकायचं, गणितं शेवटी. बोर्डाच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांतल्या आकृत्या आणि त्यांखालची नावं पाठ हवीत. हृदय, नेफ्रॉन, चेतापेशी. मोबाइलवर सराव केला असेल तरी एकदा कॅफेत बसून संगणकावर माऊसने पेपर सोडवून बघायला सांगा. गावाकडच्या मुलींचा वेळ तिथे जातो.

डिसेंबर-जानेवारीपासून सीईटी सेलच्या साइटवर लक्ष ठेवा. तारखा दरवर्षी पुढेमागे होतात, त्या वर्षीची माहिती पुस्तिका निघाली की तीच अंतिम.

बालाघाट
माझी बहीण आर्ट्सला आहे. तिला काहीच मार्ग नाही का?

सदाफुली
आहे की. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) कुठल्याही शाखेच्या बारावीवर करता येतं, ४० टक्के आणि इंग्रजी पास हवं. तीन वर्षांचा डिप्लोमा. पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं केलं की पदवी हातात. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचं, उपकेंद्रावरच्या कामासाठीचं. आमच्या कित्येक इन्चार्ज सिस्टर जीएनएमवाल्या आहेत आणि नव्या बीएस्सीवाल्यांना सलाइन लावायला त्याच शिकवतात. पण सायन्स असेल, मार्क असतील आणि परवडत असेल तर सरळ बीएस्सी घ्यावं हे माझं मत.

चंद्रकोर
निबंध नको पण मुलाखत आहे, असा एक रस्ता कुणी लिहिला नाही. सैन्यदलाची मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस. देशातली सहा कॉलेजं, मिळून २२० जागा, त्यांतल्या पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलाचं वैद्यकीय महाविद्यालय) ४० आणि मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ४०. फक्त मुलींसाठी, विवाहित चालत नाहीत. बारावी पहिल्याच प्रयत्नात, पीसीबी आणि इंग्रजीत ५० टक्के. यासाठी मात्र नीट द्यावी लागते. नीटच्या मार्कांवर बोलावतात, मग इंग्रजी आणि सामान्य बुद्धिमत्तेची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. शिक्षण झालं की लेफ्टनंट म्हणून रुजू, पण ठरावीक वर्षं सेवा देण्याचा करार असतो.

माझी धाकटी बहीण त्यातून गेली. तिला मुलाखतीत विचारलं होतं, तुझ्या गावाला सगळ्यांत जवळचा दवाखाना किती लांब, आणि रात्री तिथे कोण असतं? तिने प्राथमिक आरोग्य केंद्र सांगितलं, तिथली रात्रीची सिस्टर सांगितली, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की रुग्णवाहिका कुठे अडते तेही सांगितलं. पाठ केलेलं फ्लॉरेन्स नाइटिंगेलवरचं भाषण तसंच राहिलं. अभिमत विद्यापीठांच्या कॉलेजांचे प्रवेश वेगळे असतात, त्यांत कुठे-कुठे मुलाखत होते, तिथेही हीच तयारी उपयोगी पडेल. भाची खरंच ठाम असेल तर दिवाळीच्या सुट्टीत आशाताईंबरोबर लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर बसू दे. बोलायला स्वतःचं काहीतरी राहील, आणि आपल्याला हे झेपतं का तेही कळेल.

सदाफुली
चंद्रकोर, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. पांढरा युनिफॉर्म आवडणाऱ्या पुष्कळ येतात. पहिल्या सेमिस्टरला नर्सिंग फाउंडेशनमध्ये बेड करायला शिकवतो. चादरीचा कोपरा तिरका दुमडून गादीखाली असा घट्ट खोचायचा की पेशंट रात्रभर कुशीवर वळला तरी चादर गोळा होता कामा नये, कारण त्या सुरकुतीवर पडून राहणाऱ्याच्या पाठीला जखम होते. मग त्याच बेडवर माणूस असताना चादर बदलायची. मग बेडपॅन. ज्या मुलीने घरी आजीची पाठ पुसलीय ती हे बघून नाक मुरडत नाही. बाकीच्यांतल्या काही तिथूनच 'आईला बोलवा' म्हणतात.

आणखी एक. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर आत्ताच सुरू करा. तीन डोस असतात, पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. दिवाळीला सुरुवात केली तर प्रवेशापर्यंत कोर्स पुरा होतो. सुया टोचून घ्यायच्या धंद्यात लस आधी हवी.

घाटमाथा
लसीचं डोक्यातच नव्हतं. आता कॉलेज कसं निवडावं ते सांगा. साइटवर सगळीच 'नामांकित' दिसतायत.

सदाफुली
कॉलेजची इमारत बघू नका, रुग्णालय बघा. संस्थेचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय हवं असा नियम आहे. कागदावर सगळ्यांकडे असतं. सोमवारी सकाळी दहा-अकराला, कुणाला न सांगता, पेशंटचे नातेवाईक असल्यासारखे ओपीडीत जाऊन बसा. केसपेपरच्या खिडकीवर गर्दी आहे का? वॉर्डातल्या खाटांवर माणसं आहेत की नुसत्या गाद्या? महिन्याला बाळंतपणं किती होतात ते बाहेरच्या चहावाल्याला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं. पेशंटच नसतील तर मुलगी शिकणार कुणावर? इन्स्पेक्शनच्या दिवशी टेम्पोने माणसं आणून खाटा भरणाऱ्या संस्थेचे किस्से आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहेत.

कागदोपत्री तीन गोष्टी तपासा : इंडियन नर्सिंग कौन्सिलची यादी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता, आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता. या वर्षीची. भिंतीवर फ्रेम करून लावलेली जुनी नव्हे.

रानजाई
पसंतीक्रमाचं माझ्याकडून : 'एवढ्या मार्कांना हे मिळणारच नाही' म्हणून चांगलं कॉलेज खाली टाकू नका. आवडीच्या क्रमानेच भरा. वरचं मिळालं नाही तर यंत्रणा आपोआप खालचं बघते, त्यात तुमचं नुकसान काही नाही.

तिरपागडा
हे अर्धंच बरोबर आहे. जिथे मुलीला पाठवणारच नाही ते कॉलेज यादीत 'असू दे' म्हणून टाकू नका. नेमकं तेच मिळतं. मग पुढच्या फेरीत बसता येईल की नाही, पैसे परत मिळतील की नाही, ही सगळी रडकथा. कोणत्या फेरीनंतर सीट सोडली तर काय होतं, ते माहिती पुस्तिकेतलं पान आधी वाचा.

रानजाई
हो, ते मान्य. आमच्या कॉलेजात अशी एक आहे, यादी लांब दिसावी म्हणून भरलेल्या शेवटच्या नावावर आलेली. आता वर्गात पहिली येते, पण घर ४०० किलोमीटरवर आहे.

घाटमाथा
फीचं काय? खाजगी मिळालं तर?

कागदकाका
खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, प्रत्येक कॉलेजचा आकडा त्यांच्या साइटवर मिळतो. कॉलेजने तोंडी सांगितलेल्या आकड्याशी ताडून बघा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट म्हणजे प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही, अभिमत आणि खाजगी विद्यापीठं त्यात नाहीत. फीमाफीचे हे ८ लाख उत्पन्नाच्या दाखल्याचे, नॉन-क्रिमीलेयरचे नव्हेत. दाखला वेगळा काढायचा. अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर, मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं हवं. वसतिगृह, मेस, युनिफॉर्म, पुस्तकं यांचा खर्च उरतोच, त्याची तजवीज ठेवा.

मूळ कागद कॉलेजात जमा होतात. त्याआधी सगळ्याचे रंगीत स्कॅन आणि झेरॉक्सचे तीन-चार संच, आणि जमा केल्याची सही-शिक्क्यानिशी पोच. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

लेस्टरकर
मुंबईत शिकून इथे इंग्लंडमध्ये नर्स आहे. घाटमाथांनी नेटवर जे वाचलं ते बहुधा इकडचं असणार. इथल्या विद्यापीठांना यूकास या सामाईक प्रवेशसंस्थेमार्फत अर्ज करताना पर्सनल स्टेटमेंट खरंच लिहावं लागतं. पूर्वी ४००० अक्षरांचा सलग मजकूर असे, २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केलेत. मुलाखतीत करुणा, संवाद, धैर्य असल्या मूल्यांवर प्रसंग देऊन विचारतात. भाचीला सध्या यातलं काही नको.

पुढेमागे यायचं असेल तर रस्ता वेगळा आहे : तिथे पदवी आणि नोंदणी, मग आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेला वाचन-श्रवण-संभाषणात ७ आणि लेखनात ६.५, मग सीबीटी ही संगणकावरची परीक्षा आणि इथे आल्यावर ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. त्या वेळी तिथल्या पदवीची आणि नोंदणीची पडताळणी होते, बिनहजेरीच्या कॉलेजवाल्यांची पंचाईत तिथेही होते. आणि बाई, इंग्रजीची भीती आत्ताच घालव. मीही दादरच्या मराठी शाळेतली.

रानजाई
इंग्रजीवरून आठवलं. पहिल्या सेमिस्टरला कम्युनिकेटिव्ह इंग्लिश हा विषयच आहे, त्यामुळे कॉलेज अगदी वाऱ्यावर सोडत नाही. पण अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी पहिल्या दिवसापासून इंग्रजीत. विज्ञानाची मराठी आणि इंग्रजी पुस्तकं शेजारी ठेवून वाचायला सांगा. यकृत-लिव्हर-हेपॅटिक असं तिन्ही एकत्र वहीत उतरवलं की पुढे 'हेपॅटायटिस' फोडता येतं.

घाटमाथा
अपडेट देतो. चुलत घरी जाऊन आलो, चहा झाला, व्हॅलिडिटीची प्रत मिळाली. आजोबांचा प्रवेश-निर्गम उताराही निघाला, त्यात आडनावाच्या जागी गावाचं नाव आहे. काका, हे चालेल?

कागदकाका
जुन्या नोंदींत असं सर्रास असतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं शपथपत्र करा आणि जोडीला असा एखादा जमिनीचा कागद द्या ज्यात दोन्ही नावं किंवा तोच बाप-लेकाचा क्रम दिसतो. चुलत घराच्या व्हॅलिडिटीच्या वेळी त्यांनी हाच उतारा लावला होता का विचारा. लावला असेल तर त्यांचं शपथपत्र बघून शब्दन् शब्द तसाच ठेवा.

घाटमाथा
लावला होता. उद्याच मागून घेतो. एजंटला बहिणीनेच फोन करून नाही सांगितलं.

बालाघाट
शेवटचं विचारतो. बहिणीला जीएनएमला मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर फीमाफी मिळेल का? कॉलेजवाले 'नंतर करून देतो' म्हणतायत.

कागदकाका
नाही. कॉलेजने काहीही सांगितलं तरी मॅनेजमेंट कोट्याला ती सवलत नाही. 'करून देतो' हे त्यांना लेटरहेडवर लिहून मागा, लगेच कळेल.